चौथ्या तक्त्यातली रेघ

२ फेब्रुवारी, सोमवार

चौथा तक्ता संपला. एकशे बारा ओळी, नऊ रकाने. डोळे चुरचुरतायत, पण मन हलकं.

गॅसच्या लाइनपासून शंभर मीटरच्या आत कोणती घरं आणि त्यात किती माणसं, याची ही यादी. (अर्जात ‘वाहिनी’ लिहायचं, बोलताना लाइन. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.) लाइन तीस वर्षांची. तिच्यातला दाब पन्नासवरून सत्तरवर न्यायचा आणि तिला लागून चौऱ्याण्णव किलोमीटर दुसरी टाकायची, असा बेत आहे. नियामक मंडळाच्या मंजुरीशिवाय यातलं काही करता येत नाही. मंजुरीसाठी अर्ज, अर्जासाठी मी. आणि अर्जाचा जीव चौथ्या तक्त्यात – कारण जिथं माणूस राहतो तिथं पाइप जाड घालायचा, नाहीतर दाब कमी ठेवायचा. नियमांची तीनशे पानं पिळली तर एवढंच निघतं.

मोजणीदाराकडून तक्ता आला तेव्हा माणसांच्या रकान्यात सगळा सावळा गोंधळ. कुठं शून्य, कुठं ‘नाही’, कुठं ‘निरंक’, कुठं नुसती आडवी रेघ. एकाच गोष्टीची चार सोंगं. बावीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढल्यावर असलं काही बघवत नाही. सगळं ‘निरंक’ केलं. चौदा जागा. आता तक्ता एका सुरात बोलतो.

निरंक हा शब्द मला आवडतो. शून्य म्हटलं की कोणीतरी मोजल्यासारखं वाटतं. निरंक म्हटलं की विषयच मिटला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्ज दाखल. मुदतीच्या तीन तास आधी. साहेब म्हणाले, “तुमच्या हाताखालून गेला की कागद इस्त्री केल्यासारखा होतो.” त्यांच्या तोंडून हे म्हणजे पुष्कळच झालं.

आता प्रती सगळ्या गावांच्या कार्यालयांत ठेवल्या आहेत. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, हरकत असेल तर मार्चच्या आत कळवावी. चौदाशे पानं कोण वाचणार?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली हरकत आली. वहीचं रेघी पान, निळी शाई, अक्षर शाळेतल्या बाईंसारखं ठसठशीत. मजकूर जसाच्या तसा उतरवून ठेवते, कारण सकाळपासून डोक्यातून जात नाहीये –

“सा. क्र. ४१/३००. तुमच्या चौथ्या तक्त्यात मी निरंक आहे. मी आहे. सकाळी ४९, संध्याकाळी ५०.”

खाली सही नाही. ‘चौकीदाराची बायको’ एवढंच.

सा. क्र. म्हणजे साखळी क्रमांक. लाइनच्या सुरुवातीपासून एक्केचाळीस किलोमीटर तीनशे मीटर. जमीन साखळीनं मोजायचे तेव्हाचा शब्द, अजून चालतो.

मोजणीदाराला फोन केला. “तिथं कोणी नाही हो मॅडम. कंपनीची जुनी क्वार्टर आहे ती. व्हॉल्व्ह हातानं फिरवायचे तेव्हा चौकीदार राहायचा. आता सगळं इथल्या बटणावर.”

“मग हे कोण लिहितंय?”

“असतो एखादा रिकामटेकडा.”

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

रिकामटेकड्याला ४९ आणि ५० कशाला लिहायचे? तापमान म्हणावं तर फार. वय म्हणावं तर दोन कसे?

मोजणीदार आज ऑफिसात आला होता. त्याला म्हटलं, तुझा मूळ कागद दाखव. त्यानं मोटारसायकलच्या डिकीतून फाइल आणली. ४१/३०० समोर माणसांच्या रकान्यात रेघ. पेन्सिलची, नीट पट्टीनं मारलेली.

“म्हणजे निरंकच ना?” मी.

तो माझ्याकडे बघतच राहिला. “रेघ म्हणजे निरंक कसं होईल मॅडम? निरंक म्हणजे आत जाऊन पाहिलं, कोणी नाही. रेघ म्हणजे फाटक बंद होतं, आत जाता आलं नाही. परत जायचं राहिलंय.”

“हे कुठं लिहिलंय?”

“लिहायचं काय त्यात? सगळ्यांनाच माहीत असतं.”

सगळ्यांना. मी इथं दोन वर्षं आहे. मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. डेस्कवर असताना नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचे – शंका आली तर विचारा, आली नाही तर दोनदा विचारा. मला शंका आली नव्हती.

चौदापैकी तीन ठिकाणी रेघ होती. त्याला ४१/३०० सोडून बाकीच्या दोन्हीकडे पिटाळलं. एक गोठा निघाला, एक पंपाची खोली. खरोखर निरंक. तिसरीकडे जायला तो तयार होईना. “गेलो होतो ना पूर्वी. तीनदा. फाटकाशी उभं राहिलं की वाटतं, जाऊ दे, काही नाहीये इथं.” मग स्वतःच हसला. “वाटतं म्हणजे, दिसतंच तसं.”

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरं पत्र. तेच पान, तीच शाई.

“शुक्रवारी ४९, ४९. शनिवारी ५०, ४८. रविवारी सकाळी ५०, दुपारी ५८. मी आहे.”

आता ट्यूब पेटली. दाब! पत्र घेऊन कंट्रोल रूमला गेले. तिथल्या इंजिनिअरला सगळे घुबड म्हणतात, कारण पडद्यांकडे बघताना त्याची पापणी लवत नाही. त्याला ठाऊक आहे. कपावर घुबडाचं चित्र छापून घेतलंय त्यानं.

त्यानं एक एक आकडा पडद्यावरच्या नोंदींशी ताडून पाहिला. शुक्रवार बरोबर. शनिवार बरोबर. रविवारी सकाळ बरोबर. मग पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली.

“तिथं मीटर आहे का अजून?” मी विचारलं.

“होतं. अकरा वर्षांपूर्वी काढलं. मीच गेलो होतो काढायला.”

“आणि रविवार दुपार?”

पापणी लवली. पहिल्यांदाच पाहिली मी.

“दोन तास चाचणी होती. वरून आलं होतं. तुम्ही हे वाचलं नाही आणि मी सांगितलं नाही. तुम्हाला पोरंबाळं नसतील, मला दोन आहेत.”

मंजुरी पन्नासचीच आहे. सत्तर मागितलेत, मिळाले नाहीत अजून. तोवर अठ्ठावन करून बघितलं. हे त्या खोलीतल्या आम्हा दोघांना आणि वरच्या दोघा-तिघांना माहीत. आणि तिला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांना सांगून टाकलं. चूक माझी – रेघेचं निरंक केलं. शुद्धिपत्र काढू या. अठ्ठावनचा विषय काढला नाही. घुबडाला शब्द दिला होता.

साहेबांचा आवाज कधी चढत नाही. पेनाचं टोपण लावलं, काढलं.

“क्वार्टर आपली. चौकीदार वारल्यावर ताबा परत घेतल्याचा कागद आपल्याकडे आहे. बरोबर? म्हणजे तिथं कोणी नाही.”

“पत्रं येतात साहेब.”

“पत्रं येतात. माणूस आलाय का? मॅडम, एका घरासाठी एक किलोमीटर जाड पाइप. पातळ पाइप येऊन यार्डात पडलाय. मंडळाची पाहणी समिती पाच मार्चला जाणारच आहे. त्यांनी पाहिलं माणूस, तर माणूस. आपण कशाला आधीच कपाळाला हात लावायचा?”

त्यांचं बोलणं वरवर चूक नाही. हीच अडचण आहे. चूक नसलेल्या वाक्यांतच मी दोन वर्षं काम करतेय.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत गणित शिकवतो. म्हणाला, “रेघ आणि शून्य एक कसं समजलीस गं? सातवीतलं पोरगं नाही समजणार.” मग माझा चेहरा पाहून पानात वाढायला लागला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

जाऊन आले.

ऑफिसची गाडी घेतली. दोन तास लागले. शेवटचे चार किलोमीटर लाइनच्या वरूनच कच्चा रस्ता – दोन्ही बाजूंना पिवळे दगडी खांब, प्रत्येकावर क्रमांक. ४१/३०० च्या खांबाला लागूनच फाटक. फाटकाला कुलूप आहे, पण साखळी सैल. अंग चोरून माणूस आत जातो. हे मोजणीदाराला तीन खेपांत कसं सुचलं नाही?

दार सताड उघडं होतं. दोन खोल्या. बाहेर तारेवर वाळत घातलेले कपडे. हे फाटकातूनही दिसतात! आत खाट, लोखंडी कपाट, भिंतीला मीटर काढल्याचा गोल डाग, त्याखाली स्टुलावर नोंदवही. आणि ती. सत्तरीची असावी. ठेंगणी, चष्म्याला दोरी.

“आलीस? बस. अक्षर तुझंच ना? तक्त्याच्या कडेला पेन्सिलनं खुणा होत्या. गावातल्या कार्यालयात जाऊन वाचला मी. चौदाशे पानं, चार खेपा लागल्या.”

म्हणजे वाचलं कोणीतरी. मी आपली ‘मावशी’ म्हणून सुरुवात केली आणि एका दमात कबुली दिली – रेघ, निरंक, सगळं. तिनं ऐकून घेतलं.

“वाटलंच मला. रेघ ह्यांना कळायची. हे स्वतः मारायचे. वादळात दिवे गेले, मीटर दिसलं नाही की रेघ. शून्य कधी लिहिलं नाही. म्हणायचे, न बघता शून्य लिहिणारा माणूस नोकरीतून काढला पाहिजे.”



तिनं चहा लाकडाच्या चुलीवर केला. मी सहज विचारलं, गॅस नाही? ती खो-खो हसली. “अंगणाखालून जातो. शेजाऱ्यांसारखा. तीस वर्षं झाली, आत ये म्हटलं तर आला नाही.”

नवरा गेला त्याला नऊ वर्षं. मीटर त्याआधीच काढलं होतं, पण तो दोन वेळा नोंद करायचा सोडेना. तो गेल्यावर नोंद कोण करतंय हे कोणी विचारलं नाही, म्हणून ती करत राहिली. कशावरून करता, विचारलं. तिनं माझा हात धरून त्या गोल डागावर ठेवला.

“वास नाही, रंग नाही, आवाज नाही म्हणतात. या मोठ्या लाइनीतल्या गॅसला वास नसतो, खरंय. घरोघरी जायच्या आधी घालतात. पण आवाज आहे. गप बस आणि ऐक. कानानं नको.”

आधी काही नाही. मग तळव्याला मुंग्या आल्यासारखं. मग अगदी बारीक थरथर, मांजर पोटाशी झोपल्यावर लागते तशी. खोल. सलग. माझ्या तोंडून आपसूक निघालं, “पन्नास.”

“एकोणपन्नास. जमेल तुला.”

तिला म्हटलं, मावशी, माझ्याकडे चला. तिथं खोली आहे. हे मिटेपर्यंत तरी.

“मी आले तर तुझं निरंक खरं होईल,” ती म्हणाली.

मी पर्स उचलली.

निघताना विचारलं, इथं कोणी येतं का? “येतात की. फाटकाशी उभे राहतात. कागदावर लिहितात. जातात. आधी आधी मी हात करायची. हाकाही मारल्या. मग म्हटलं कशाला त्या बिचाऱ्यांना त्रास.”

ड्रायव्हर फाटकाबाहेर बॉनेटला टेकून उभा होता. “झालं बघून? रिकामंच आहे ना?”

“दार उघडं होतं की. दिसलं नाही तुला?”

“मी मोबाइल बघत होतो मॅडम.”

तास-सव्वा तास.

२१ फेब्रुवारी, शनिवार

उजव्या तळव्यातली थरथर गेलेली नाही. भांडी घासताना, कागद उलटताना. हात झोपल्यावर होतं तसं, पण हात झोपलेला नाही.

नवरा बाहेरच्या खोलीत वही तपासत होता. चहा त्याच्यासमोर ठेवला तर दचकला. “आलीस कधी?” सकाळपासून मी घरातच आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

शुद्धिपत्र लिहिलं. चार ओळी. ‘तक्ता क्र. ४ मध्ये सा. क्र. ४१/३०० समोर निरंक ऐवजी घर १, माणूस १ असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’ आयुष्यात अशी शेकडो लिहिली असतील – मंत्र्यांची नावं, सामन्यांचे निकाल. एकदा एका जिवंत माणसाला निधनवार्तेत छापला होता आम्ही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः पेढे घेऊन डेस्कवर आला. खूप हसलो होतो.

साहेबांनी सही केली नाही. नाहीही म्हणाले नाहीत. “राहू दे टेबलावर.” त्या टेबलावर राहिलेले कागद मी पाहिलेत.

मंडळात फोन केला. तिथल्या कारकून बाई चांगल्या आहेत, अर्जाच्या वेळी रोज बोलणं व्हायचं. त्या म्हणाल्या, शुद्धिपत्र अर्जदाराच्या सहीनंच. आणि तुम्ही स्वतः हरकत घेऊ शकत नाही, तुम्ही अर्जदाराच्या नोकर.

“मग?”

“मग काय, पाहणीत माणूस दिसला की झालं. डोळ्यांनी पाहिलेलं कागदाच्या वर, असा आमच्याकडे नियमच आहे. तुम्ही फक्त त्या दिवशी त्यांना घरात थांबायला सांगा.”

एवढं सोपं! ऑफिसातून निघताना उगाच गाणं गुणगुणत होते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

हजेरीचं यंत्र माझं बोट घेईना. ‘पुन्हा ठेवा.’ ‘पुन्हा ठेवा.’ डाव्या हाताचंही घेईना. शिपाई म्हणाला, भांड्यांच्या साबणानं होतं असं, माझ्या बायकोचंही होतं. वहीत सही करा. वही शोधायला गेला, तो तिकडेच रमला.

हजेरी लागली का, महिनाअखेरीला पाहिलं पाहिजे.

३ मार्च, मंगळवार

तिसरं पत्र.

“रविवारी ५८, मग ६१. मीटरच्या डागापासून कोपऱ्यापर्यंत भिंतीला रेघ आली आहे. ही तरी बदलू नकोस.”

घुबडाला दाखवायला गेले. त्यानं वाचलं नाही. दाराशी उभ्या उभ्या एवढंच विचारलं, “एकसष्ट लिहिलंय का?” मी मान हलवली. तो कप घेऊन आत गेला.

मला विचारायचीही गरज नव्हती. रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकले होते तेव्हाच कळलं होतं. एकसष्ट. आमच्या घरापासून ती लाइन साठ किलोमीटरवर आहे.

हे इथं लिहिलं. दुसरीकडे कुठं बोलणार नाही.

५ मार्च, गुरुवार

रजा टाकून पहाटेची बस धरली. शेवटचे चार किलोमीटर चालत. नऊच्या आत पोचले.

मावशीनं घर लख्ख केलं होतं. चांगले कपडे घातले होते, केस विंचरून बसली होती, जशी काही पाहायला पाहुणे येणार. मी तसं म्हटलं तर म्हणाली, “पहिल्या खेपेला पसंत केलं होतं हो. आता काय करतात बघू.” दोन खुर्च्या दाराच्या अगदी समोर मांडल्या. फाटकाचं कुलूप किल्लीनं काढून टाकलं – किल्ली तिच्याकडेच होती, कोणी मागितली नव्हती. फाटकाचे दोन्ही पल्ले उघडे. माझी पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवली. चहा ओतून ठेवला. यापेक्षा जास्त दिसण्यासारखं आणखी काय करतात?

भिंतीतली रेघ पाहिली. बोटाचं नख आत जातं.

सव्वाअकराला समिती आली. तिघं, आणि बरोबर आमचा मोजणीदार. तिघं फाटकाशी थांबले. त्यातला एक – पांढरी टोपी, गळ्यात कॅमेरा – अंगण ओलांडून उंबऱ्यापर्यंत आला. माझ्यापासून सहा-सात हातांवर. मी म्हटलं, “या. आत या ना.” मावशी म्हणाली, “चहा घ्या.”

त्यानं खोलीभर नजर फिरवली. कपाट. खाट. भिंत. आम्ही. पुन्हा कपाट. कॅमेरा वर केला, फोटो काढला. पाठीमागे वळून म्हणाला, “झालं.”

मी उठले. “अहो, ऐका. या इथं राहतात. मी कंपनीची आहे, मी सांगते.” तो चालत होता. मी अंगणात आले, मोजणीदाराला नावानं हाक मारली. तो थबकला. मागं वळून पाहिलं त्यानं – दाराकडे, खुर्च्यांकडे – कानात पाणी गेलेला माणूस डोकं हलवतो तसं हलवलं, आणि गेला.

गाडी वळली, धूळ बसली.

मला राग आला. साहेबांनी पढवून पाठवलेत हे, दुसरं काय! तिघांना गाठून ठेवलं असणार. मावशी कप विसळत होती. “थंड झाला बघ. येतात, लिहितात, जातात – मी आधीच सांगितलं होतं.”

“फोटो काढलाय त्यानं,” मी म्हटलं. “माणसं खोटं बोलतील. फोटोत आपण असू.”

तिनं माझ्या डोक्यावरून ओला हात फिरवला. “असू गं.”

१० मार्च, मंगळवार

साहेब माझ्या टेबलापाशी आले, माझ्या संगणकावर वाकून शेजारणीला म्हणाले, “या बाई आजही आल्या नाहीत का?”

“इथंच आहे साहेब,” मी म्हटलं. शेजारणीनं इकडं पाहिलं. “आहेत की,” ती म्हणाली, पण जरा वेळानं.

साहेब हसले. “अरे हो.” थट्टा असावी. ते थट्टा करत नाहीत.

१३ मार्च, शुक्रवार

आज काही नाही. सकाळी ५०, संध्याकाळी ५०.

२० मार्च, शुक्रवार

मंजुरी आली. ऑफिसात पेढे नसले तरी तसलाच गलका. अर्जाबद्दल कोणीतरी माझं कौतुक केलं, माझ्याच देखत, मी तिथं नसल्यासारखं.

सोबत पाहणी अहवाल. ४१/३०० शोधलं. “प्रत्यक्ष पाहणी केली. फाटक उघडे. दार उघडे. आतील छायाचित्र जोडले आहे. माणसे – निरंक.” यावेळी शब्द माझा नाही. आत जाऊन, पाहून लिहिलेला आहे. नियमानं अगदी बरोबर वापरलाय.

छायाचित्र स्वच्छ आलं आहे. कपाट, खाट, भिंतीवरचा गोल डाग, त्यातून कोपऱ्यापर्यंत गेलेली रेघ. मधोमध दोन खुर्च्या. दोन कप, वाफ दिसते. उजव्या खुर्चीच्या पाठीला पर्स.

खुर्च्या रिकाम्या.

प्रत घरी आणली. नवऱ्याच्या वह्यांवर ठेवली. त्यानं चष्मा वर सरकवून पाहिलं. “रिकामं घर आहे गं. मग तू म्हणत होतीस ती बाई...” आणि जरा वेळानं, “ही पर्स तुझ्यासारखीच आहे.”

मी त्याच्यासमोर उभी होते. तो दाराकडे बघून बोलत होता.

रविवारी सकाळी सहापासून दाब सत्तरवर नेणार आहेत. मावशी हलणार नाही, आणि तिला तिथं एकटीला बसायला लावायचं म्हणजे हद्द झाली. रेघेचं निरंक मी केलं. उद्याच्या बसनं जाते. नवऱ्याला चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली आहे, वाचेल तेव्हा वाचेल.

२२ मार्च, रविवार

सकाळी ६४. दुपारी ७०. रेघ छताला पोचली. आम्ही दोघी आहोत.